खाऊन टाक, सांगून टाक आणि इंग्रजीतलं ‘अप’

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसर भागात संत्र्याचा हंगाम चढला की बागेच्या बांधावर, चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर एक शब्द सारखा कानावर पडतो: पिकअप. ‘पिकअप लागली का?’ ‘आज दोन पिकअप माल निघते.’ ‘पिकअप कळमन्याले जाऊन राहिली.’ पिकअप म्हणजे संत्री नागपूरच्या कळमना बाजारात नेणारी छोटी मालवाहू गाडी. तोच बागवाला थोड्या वेळाने वैतागतो, कारण व्यापारी फोन पिकअप करत नाही. आणि घरी जाताना त्याची जुनी मोटरसायकल चढावर पिकअप घेत नाही. माल उचलून नेणं, फोन उचलणं आणि वेग धरणं, असे एकाच इंग्रजी जोडक्रियापदाचे तीन अर्थ एका माणसाच्या एका दुपारीत वापरून झाले. त्याच्या दहावीतल्या मुलीला मात्र ‘पिक अप’चा अर्थ विचारला, तर ती वहीचं मागचं पान उघडते. तिथे समोर लिहिलेलं असतं: उठाना.

पांढुर्णा नागपूर-इटारसी मुख्य लोहमार्गावर आहे. तिथून रोज नागपूरला नोकरीसाठी, कॉलेजसाठी जाणारे लोक ‘अप-डाउन करतात’. हे रेल्वेचे शब्द. इंग्लंडात लंडनकडे धावणारी गाडी ‘अप’ आणि लंडनपासून दूर जाणारी ‘डाउन’. हीच पद्धत इंग्रजांनी इथल्या रुळांवर आणली. इथल्या माणसाने ती दोन अव्ययं उचलली, त्यांना ‘करणे’ जोडलं आणि क्रियापद करून मोकळा झाला. ‘तो नागपूरले अप-डाउन करते’ हे वाक्य लंडनमधल्या कोणालाही कळणार नाही, आणि पांढुर्ण्यात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

इंग्रजीतल्या म्हणी, वाक्प्रचार आणि जोडक्रियापदं हा विषय आला की आपल्याकडे मुलांच्या पोटात गोळा येतो. या प्रकरणात मला एवढंच दाखवायचं आहे की, मराठी घरात वाढलेल्या मुलाला ही गोष्ट जितकी परकी सांगितली जाते तितकी ती नाही. त्यातही सीमेवरच्या मुलाला तर नाहीच.

हा सीमाभाग कसा झाला ते थोडक्यात पाहू. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्याच्या दक्षिण टोकाला असलेले पांढुर्णा आणि सौसर हे तालुके बोलीने, सणांनी, सोयरिकींनी नागपूरशी बांधलेले, कागदपत्रांनी भोपाळशी. ऑक्टोबर २०२३मध्ये या दोन तहसिलींचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. मुलांचा भाषेचा दिनक्रम मात्र तोच आहे. घरी नागपुरी-वऱ्हाडी वळणाची मराठी, काही घरांत पवारी, काही वस्त्यांत गोंडी, शाळेत हिंदी, आणि परीक्षेच्या भीतीत इंग्रजी.

अशा मुलाला एक गोष्ट लहानपणीच कळलेली असते: शब्दाचा चेहरा ओळखीचा असला म्हणून अर्थ ओळखीचा असेलच असं नाही. त्याची परीक्षा घेतं ते ‘माध्यमिक शिक्षा मंडल’, आणि नापास झालं तर घरी मिळते तीही शिक्षाच. शाळेतल्या हिंदी धड्यात कोणी ‘चेष्टा’ केली तर त्याने प्रयत्न केलेला असतो; घरी चेष्टा केली तर पाठीत धपाटा बसतो. हिंदीतली ‘यातायात’ म्हणजे रस्त्यावरची वाहतूक, मराठीतली म्हणजे जिवाची दगदग. दोन्ही भाषांत उठबस करणारं पोर याचा बाऊ करत नाही. कुठल्या वाक्यात, कोणाच्या तोंडी, हे बघून अर्थ लावतं आणि पुढे जातं. वाक्प्रचार शिकायला जी एकमेव गोष्ट लागते ती हीच.

आता शाळेत काय होतं ते बघू. मध्य प्रदेश मंडळाच्या शाळांत दहावीला एनसीईआरटीचं ‘फर्स्ट फ्लाइट’ हे पुस्तक आलं. त्यात अ‍ॅन फ्रँकच्या डायरीतला उतारा आहे. अ‍ॅनला ही वही १२ जून १९४२ला, तेराव्या वाढदिवशी मिळाली. ती लिहायची डच भाषेत, अ‍ॅमस्टरडॅममध्ये. वर्गात फार बोलते म्हणून गणिताचे केसिंग सर तिला बडबडीवर निबंध लिहायची शिक्षा देतात (मराठी अर्थाने शिक्षा), असा तो प्रसंग. धडा गोड आहे. मुली तर त्यात रमतात. मग धडा संपतो आणि स्वाध्याय सुरू होतो: जोडक्रियापदं शोधा, वाक्प्रचार शोधा, ‘हार्ट’ शब्द असलेल्या वाक्प्रचारांचे अर्थ शब्दकोशात बघा. डच मुलीचं मन, इंग्रजी अनुवादकाचे शब्द, हिंदी गाइडातले अर्थ आणि मराठी पोर, अशी ही चार टप्प्यांची वरात. गाइड हाती आलं की शब्दकोश कोणी उघडत नाही.

खरं तर या स्वाध्यायात मजा भरपूर आहे. परीक्षेच्या निकालाआधी अ‍ॅनचा वर्ग भीतीने थरथरतो, तिथे इंग्रजीत पायातले बूट आले आहेत: ‘क्वेकिंग इन इट्स बूट्स’. मुलांना वाटतं, बूट कुठून आले? पण आपण तरी कोणाची ‘पाचावर धारण बसली’ म्हणताना कसले पाच नि कसली धारण याचा विचार करतो का? अर्थ आख्खा येतो, सुट्या शब्दांना विचारायला थांबत नाही.

हार्टचंही तसंच. इंग्रजी माणसाने सगळी कामं एकट्या हृदयावर लादली आहेत. मराठीत ती वाटून दिली आहेत. ‘लूज हार्ट’ म्हणजे धीर खचणे. ‘हॅव अ हार्ट’ म्हणजे जरा दया-माया दाखवा. ‘हार्ट गोज आउट टु’ म्हणजे कोणासाठी जीव तुटणे. धाडसाला आपण छाती लागते म्हणतो, मायेला काळीज, गुपितं पोटात ठेवतो आणि दुःखाने ऊर भरून येतो. आणि ‘लर्न बाय हार्ट’? इंग्रज हृदयाने पाठ करतो, आपण तोंडपाठ करतो. इथे मराठी जास्त प्रामाणिक आहे. गाइडातून घोकलेला वाक्प्रचार तोंडातच राहतो, त्याच्या खाली उतरत नाही.

जोडक्रियापदांची ही डोकेदुखी आजची नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश छापला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलं आहे की क्रियापदाला छोटं अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही इंग्रजी खोड परक्यांना सर्वांत जास्त जड जाते. या प्रकाराला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं ते बरंच नंतर. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५च्या पुस्तकात ते वापरलं आणि नावाचं श्रेय ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. म्हणजे लोक शेकडो वर्षं ही क्रियापदं बिनधास्त वापरत होते, बारसं झालं गेल्या शतकात. त्याच ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ या तीन अक्षरी क्रियापदाचे अर्थ मोजले गेले तेव्हा ते ६४५ भरले. ही यादी कोणी पाठ करत नाही. इंग्रजही नाही.

आता मुद्द्यावर येऊ. स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘पोळी खा.’ दहा मिनिटांनी तोच आवाज जरा चढतो, ‘ती पोळी खाऊन टाक!’ दोन्हींत काय फरक पडला? दुसऱ्यात ‘संपव, ताटात ठेवू नकोस, एकदाचं आटप’ हे सगळं आलं. आणि हे सगळं आणलं ते ‘टाक’ने. पोळी कोणी कुठे टाकत नाही, उलट ती पोटात जाते, तरी आपण ‘टाक’ म्हणतो आणि घरातलं तीन वर्षांचं पोरही गोंधळत नाही. इंग्रजीत पहिलं वाक्य ‘ईट’, दुसरं ‘ईट अप’. तिथेही काहीच वर जात नाही.

हा योगायोग एकाच क्रियापदापुरता असता तर त्यावर प्रकरण लिहिण्याचं कारण नव्हतं. पण बघत गेलं की रांग लागते. दूध पिऊन टाक: ड्रिंक अप. कागद फाडून टाक: टेअर अप. जुने कपडे देऊन टाक: गिव्ह अवे. फळा पुसून टाक: वाइप ऑफ. निघून जा: गो अवे. उठून बस: सिट अप. नंबर लिहून घे: टेक डाउन. धडा वाचून दाखव: रीड आउट. चोर कोण ते शोधून काढ: फाइंड आउट. आणि माझी दोन आवडती. नवी मोटर, नवं औषध, नवी पद्धत ‘करून बघ’ याला इंग्रजी म्हणते ‘ट्राय आउट’. दुकानात सदरा ‘घालून बघ’ याला ‘ट्राय ऑन’. आपण ‘बघ’ने भागवलं, त्यांनी ‘आउट’ आणि ‘ऑन’ने. मूळ क्रिया एक, आणि तिला मागून एक छोटा सोबती जोडून अर्थाचा रंग बदलायचा, ही युक्ती दोन्ही भाषांत तीच आहे. मराठी व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात. शाळेत ते मराठीच्या तासाला येतं, फ्रेजल व्हर्ब इंग्रजीच्या तासाला येतं, आणि पांढुर्ण्याच्या हिंदी शाळेत तर मराठीचा तासच बहुधा नसतो. त्यामुळे दोघांची गाठ घालून द्यायला कोणी नसतं. तीच मुलं हिंदीतही ‘खा डालो’ म्हणतात, म्हणजे युक्ती त्यांच्याकडे दोन भाषांत तयार आहे.

आणखी एक साम्य आहे, त्याने व्याकरणाचा एक रुक्ष नियम सोपा होतो. इंग्रजीत ‘ते पुढे ढकल’ म्हणायला ‘पुट इट ऑफ’ म्हणावं लागतं, ‘पुट ऑफ इट’ चालत नाही; सर्वनाम आलं की ते मध्ये शिरतं. हा नियम मुलं घोकतात आणि पेपरात चुकवतात. पण मराठीतही हा सोबती घट्ट चिकटलेला नसतो. ‘खाऊनच टाकलं’, ‘खाऊन तर नाही ना टाकलं?’ असं आपण मध्ये वाट्टेल ते घालतो, आणि तुटक वाटत नाही. जोडी फाकली तरी अर्थ फाटत नाही, हे कानाला माहीत आहे. मग ‘टर्न इट ऑफ’, ‘पिक हिम अप’, ‘थ्रो इट अवे’ अशी वाक्यं मोठ्याने म्हणत गेलं तर नियम आपोआप बसतो. काही जोड्या फाकत नाहीत, ‘लुक आफ्टर’सारख्या, आजीला सांभाळ म्हणजे ‘लुक आफ्टर हर’. त्या वेगळ्या ठेवाव्यात, फार नाहीत.

इथेच एक धोक्याची सूचना. ‘टाक म्हणजे अप’ असा तक्ता करून भिंतीवर लावू नका. मराठीचा सोबती आणि इंग्रजीचा सोबती एकाच वाटेने चालत नाहीत. मराठीचं लक्ष बोलणाऱ्याच्या मनाकडे आणि कोणाचा फायदा झाला याकडे असतं. ‘सांगून टाक’मध्ये मनावरचं ओझं उतरतं, ‘सांगून ठेव’मध्ये पुढची तजवीज असते, ‘सांगून बसला’मध्ये पश्चात्ताप असतो. ‘लिहून दे’ आणि ‘लिहून घे’ यांत कागद कोणाच्या खिशात जाणार ते ठरतं. इंग्रजी असला हिशोब फारसा ठेवत नाही. तिचं लक्ष दिशेकडे असतं: वर, खाली, आत, बाहेर, दूर, सुटून.

म्हणून ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’ यांच्या याद्या पाठ करण्याऐवजी त्या पाच-सहा दिशांचा स्वभाव ओळखावा. ‘अप’ला गोष्ट पुरी करायची हौस आहे: यूज अप, फिनिश अप, क्लीन अप, लॉक अप. ‘ऑफ’चा स्वभाव सुटण्या-तुटण्याचा: फॉल ऑफ, कट ऑफ, स्विच ऑफ, आणि विमानाचा टेक ऑफही जमिनीपासून सुटणंच. हसण्यावारी नेणं म्हणजे ‘लाफ ऑफ’, अंगावर आलेली गोष्ट हसून झटकली. ‘ऑन’ चालू ठेवतं: गो ऑन, कॅरी ऑन, आणि अ‍ॅनच्या धड्यातलं ‘रॅम्बल ऑन’ म्हणजे वायफळ बोलत राहणं. ‘आउट’ एकतर आतली गोष्ट बाहेर आणतं नाहीतर ती संपवतं: फाइंड आउट, रन आउट. धावचीतचा रन आउट वेगळा. पेट्रोल ‘रन आउट’ झालं म्हणजे संपलं.

हा स्वभाव नेहमी टिकतो का? नाही. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे कुठल्याही दिशेवरून काढता येत नाही. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईबापांवर जाणे, हेही नाही. तशी प्रत्येक भाषेत काही हट्टी मंडळी असतात. सौसरचा बागवाला ‘यंदा मृग धरला का अंबिया?’ असं विचारतो तेव्हा परक्या माणसाला नक्षत्र आणि आंबा डोळ्यांपुढे येईल. बहार ‘धरणे’, झाडाला ‘ताण देणे’ (म्हणजे फुलोऱ्याआधी मुद्दाम पाणी तोडणे) हे शब्द बागेत उभं राहूनच कळतात. ‘पुट अप विथ’ही तसंच, वाक्यात उभं राहून शिकावं. एखादी शेजारीण, तिचा कर्कश लाउडस्पीकर, आणि तुम्ही तो सहन करताय, एवढं एक वाक्य पुरे.

फ्रेजल व्हर्ब टाळली तर काय बिघडतं? पेपरात फारसं नाही, बोलण्यात बरंच. इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन थर आहेत. १०६६मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. पुढे विद्वानांनी लॅटिन ओतली. गावातल्या माणसाने जुने छोटे शब्द जोडून काम चालवलं. म्हणून ‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’, ‘पुट आउट’ आणि ‘एक्स्टिंग्विश’, ‘गिव्ह अप’ आणि ‘सरेंडर’, ‘पुट अप विथ’ आणि ‘टॉलरेट’ अशा जोड्या आहेत. आपल्याला हे कळायला जराही वेळ लागू नये, कारण मराठीत तंतोतंत हीच फाळणी आहे: ‘पुढे ढकलणे’ आणि ‘स्थगित करणे’, ‘चालवून घेणे’ आणि ‘सहन करणे’. घरात आग लागली तर कोणी ‘अग्नी शमवा’ ओरडत नाही, सगळे ‘विझवा, विझवा’ असंच ओरडतात.

आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीचा वरचा थर शिकवला. तो सोपा पडतो, एका शब्दाला एक अर्थ, वहीत नीट बसतो. परिणाम असा की आपली हुशार मुलं मुलाखतीत सरकारी परिपत्रकासारखं बोलतात. व्याकरणात चूक नसते, पण समोरच्याला वाटतं, हा माणूस घरी आईशीही असाच बोलतो की काय. माझं मत विचाराल तर, अवघड शब्दांची शंभर पानं बाजूला ठेवून ‘गेट’ आणि ‘पुट’ यांच्याशी वर्षभर दोस्ती केलेली बरी.

आता म्हणींकडे. इथे सोपं-अवघड यापेक्षा हवापाण्याचा प्रश्न जास्त आहे. इंग्रजी म्हणी ओल्या, थंड बेटावर वाढल्या. तिथे पाऊस म्हणजे कटकट. ‘रेनी डे’साठी पैसे साठवून ठेवायचे म्हणजे अडचणीच्या दिवसासाठी. संकटं एकटी येत नाहीत हे सांगायला त्यांना धो-धो पाऊस आठवतो: ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स’. आपण म्हणतो, ‘दुष्काळात तेरावा महिना’. एकच दुखणं, पण त्यांना बुडण्याची भीती आणि आपल्याला कोरडं राहण्याची. आधीच धान्य संपलेलं, त्यात अधिक मास येऊन वर्ष लांबलेलं. कोरडवाहू कापूस आणि विहिरीच्या भरवशावरची संत्र्याची बाग असलेल्या मुलाला ‘रेनी डे’ म्हणजे वाईट दिवस हे पटणार कसं? त्याच्या घरी पाऊस लागला की बाप खूश असतो. हे एकदा वर्गात मोकळेपणाने बोललं की म्हण डोक्यात पक्की बसते. नुसता अर्थ दिला तर उडून जाते.

उन्हाचंही तेच. ‘वॉर्म वेलकम’ म्हणजे आपुलकीचं स्वागत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या गावात पाहुण्याचं स्वागत माठातल्या गार पाण्याने होतं. ‘ब्रेक द आइस’मधला बर्फ तर आपण फक्त गोळ्यावर पाहिला. पण ‘डोक्यावर बर्फ ठेव’ हे मात्र आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, आणि त्यासाठी कोणी हिमालयात जाऊन आलेलं नाही. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’बद्दल एवढंच सांगतो: जोनाथन स्विफ्टने १७३८मध्ये ते छापलं तेव्हाच तो घिस्यापिट्या बोलण्याची टर उडवत होता. आज इंग्लंडात ते क्वचितच कोणी म्हणत असेल. भारतातल्या प्रत्येक गाइडात ते पहिल्या पानावर आहे. पुसून टाका.

दगडांच्या म्हणींना मात्र पांढुर्ण्याइतकी योग्य जागा जगात सापडणं कठीण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार होते. मधून जाम नदी वाहते. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्याला सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा लावतात, आणि झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगड चालतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, दगडच चालले. अशा गावात ‘अ स्टोन्स थ्रो अवे’ समजावून सांगायला फळा लागत नाही. पांढुर्ण्यापासून सावरगाव इंग्रजीच्या शब्दशः अर्थाने दगडफेकीच्या अंतरावर आहे. आणि मराठीत आपण तेच अंतर ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतो, दगडाने मोजत नाही. गोटमारीच्या गावाने यावर जरूर विचार करावा, पण तो या पुस्तकाचा विषय नाही.

काचेच्या घरात राहणाऱ्याने दगड मारू नयेत, ही इंग्रजी म्हण पांढुर्ण्याच्या बहुतेकांना आधीच माहीत आहे. इंग्रजीतून नव्हे, तर १९६५च्या ‘वक्त’ चित्रपटातल्या राजकुमारच्या संवादामुळे. हिंदी सिनेमाने इंग्रजी म्हण घेतली, उर्दू थाट चढवला आणि गावोगावी पोचवली. शाळेला जे साधलं नाही ते टॉकीजने केलं. ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ हीही इसापाच्या गोष्टीवरून आली आणि इतकी मुरली की तिचं मूळ गाव आता कोणी विचारत नाही.

उलट दिशेनेही काम झालं आहे. आल्फ्रेड मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने मराठी म्हणी जमवून इंग्रजी अर्थांसह १८९९मध्ये ऑक्सफर्डला छापल्या. शेती, जनावरं, शरीराचे अवयव, अन्न, पैसा अशा गटांत त्याने त्या लावल्या. परकी म्हण शिकताना ती कुठल्या शेतातली, कुठल्या स्वयंपाकघरातली हे आधी बघावं लागतं, हे त्याला कळलं होतं. शाळेची पुस्तकं अजूनही म्हणी ए-बी-सी-डीच्या क्रमाने देतात. ‘पळसाला पानं तीनच’ ही म्हण शिकवताना ‘प’चा काय उपयोग? पळस दाखवा.

शेवटी आपण स्वतः घडवलेल्या इंग्रजीबद्दल, कारण त्यावरून मुलांना उगाच टोमणे खावे लागतात. ‘मी २०१९ला पास आउट झालो’ हे वाक्य भारतभर चालतं. इंग्लंडात ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे. पण आपला अर्थ हवेतून आलेला नाही. सैनिकी प्रशिक्षण संपलं की ‘पासिंग आउट परेड’ होते, ती इंग्रजांचीच. ‘आउट ऑफ स्टेशन’मधलं स्टेशन म्हणजे साहेबाच्या नेमणुकीचं ठाणं, साहेब गेला, शब्द राहिला. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बाबू ‘फाइल पुट अप करतो’, तेही जुन्या इंग्रजी दफ्तरातलं. ‘प्रीपोन’ला तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशानेच जागा दिली. हे शब्द भारतात बिनधास्त वापरा. परदेशी डॉक्टरसमोर ‘पास आउट’ तेवढा जपून. मात्र ‘कोप अप’, ‘रिटर्न बॅक’, ‘डिस्कस अबाउट’ या तिघांना थारा देऊ नका. तिथे सोबती जोडून अर्थात काहीच भर पडत नाही, आणि ज्याच्या कानाला ‘खाऊन टाक’ आणि ‘खा’ यातला फरक कळतो त्याला हे खटकायलाच हवं.

सौसर-पांढुर्ण्याच्या इंग्रजी शिक्षकांना एक विनंती आहे. अ‍ॅन फ्रँकचा धडा संपला की स्वाध्यायाआधी एक तास मराठीला द्या, शाळा हिंदी असली तरी. मुलांना सांगा, घरून येताना ‘टाक’, ‘ठेव’, ‘बघ’, ‘काढ’, ‘बस’ लावलेली वाक्यं गोळा करून आणा, जशी आजी बोलते तशी, ‘मले’, ‘तुले’सकट. मग एकेक वाक्य इंग्रजीत कसं म्हणता येईल ते मुलांनाच करून बघू द्या. काही जुळतील, काही अजिबात जुळणार नाहीत. न जुळलेल्यांवर भांडण होऊ द्या. त्या तासाला गाइड दप्तरातच राहू द्या.